निर्वात पंप घरी येतो

निर्वात पंप हा विषय वसंतातल्या संध्याकाळी ऐकायला रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलावे, पंपाबिंपाच्या गोष्टी इंजिनियरांवर सोपवाव्यात, असेही कोणी म्हणेल. परंतु यंत्राच्या इतिहासात यंत्र शोधणाऱ्याचे नाव राहते आणि ते चालवणाऱ्याचे पुसले जाते. त्या पुसलेल्या बाजूने एखाद्या यंत्राची कथा सांगावी, म्हणून आज हा विषय आम्ही निवडला आहे.

त्याला ताजे निमित्तही आहे. गच्चीवर, मागल्या पडवीत, मोटार ठेवण्याच्या खोलीत 'कंपोझिट'चे काम करणारी माणसे आता दिसू लागली आहेत. कोणी हौसेने विमानाच्या प्रतिकृतीचे पंख करतो, कोणी होडीचे भाग, कोणी वाद्याचे अंग. कोणी कारखान्याकडून नगावर काम आणून पोट भरतो. या कामाला एक छोटा निर्वात पंप लागतो. तीनशे पंच्याहत्तर वर्षांपूर्वी जे यंत्र एका शहराच्या महापौराला मोठ्या खटपटीने जमले, ते आज घरात टेबलाखाली बसते. हा प्रवास कसा झाला, त्यात कोणाकोणाचे हात लागले आणि पंपाबरोबर घरात आणखी काय काय येते, एवढेच आजच्या व्याख्यानात सांगावयाचे आहे.

प्रथम कंपोझिट म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडची मातीची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कल्पना नवी नाही. नुसता चिखल वाळला की भेगाळतो. नुसती काडी बोटाने वाकते. पण चिखलात भुसा आणि काड कालवून भिंत घातली तर ती दोन पिढ्या उभी राहते. माती दाब सोसते, काडी ताण सोसते. आजच्या कामात काडीच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे तंतू आले आणि चिखलाच्या जागी रेझिन आले. कापडासारखे विणलेले तंतू साच्यावर पसरायचे, रेझिन आणि हार्डनर यांचे मिश्रण ब्रशने त्यात मुरवायचे, थरावर थर द्यायचा आणि सारे घट्ट होऊ द्यायचे. कारखान्यांतून याला सरसकट 'फायबरचे काम' म्हणतात.

यात अडचण अशी की, थरांमध्ये हवेचे बुडबुडे राहतात आणि रेझिन गरजेपेक्षा जास्त लागते. बळ तंतूंत असते. जादा रेझिनने वस्तू जड होते आणि ठिसूळही होते. म्हणून रेझिन घट्ट होईपर्यंत सगळे थर सारख्या दाबाने दाबून धरले पाहिजेत. हा दाब आणायचा कोठून? एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा तुकड्यावर चांगला दाब द्यावयाचा तर सुमारे दहा टन वजन हवे, म्हणजे पन्नास किलोची दोनशे पोती. ती सपाट फळीवर एक वेळ रचता येतील. विमानाच्या पंखासारख्या गोलसर अंगावर कशी रचणार? यावर युक्ती अशी की, वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, पिशवीची तोंडे हवाबंद करावीत आणि पंपाने आतली हवा काढून घ्यावी. पिशवी चोहोंकडून वस्तूला घट्ट बिलगते आणि दोनशे पोत्यांचे काम होते.

हे काम पंप करतो, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः पंप फक्त आतली हवा बाहेर टाकतो. दाबण्याचे काम बाहेरची हवा करते. ही हवा सदासर्वदा आपल्या अंगावर आहे, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. आत-बाहेर सारखीच असल्याने ती आपल्याला जाणवत नाही. एका बाजूची काढून घेतली की दुसरीचा भार कळतो. एवढी साधी गोष्ट कळायला माणसाला हजारो वर्षे लागली, आणि ती कळण्याची सुरुवात एका मिस्त्रीपासून झाली.

गॅलिलिओचा 1638 साली प्रसिद्ध झालेला संवादरूप ग्रंथ आहे. त्यातला एक संवादक सांगतो की, टाकीवर बसवलेला पंप पाणी ओढीनासा झाला म्हणून दुरुस्तीला माणूस बोलावला. त्या माणसाने पाहून सांगितले की, पंपात काही बिघाड नाही. पाणी फार खाली गेले आहे, आणि अठरा हातांच्या वर असल्या पंपाने पाणी चढतच नाही. सुमारे दहा मीटरांची ही मर्यादा पंपावर काम करणाऱ्यांना ठाऊक होती. विद्यापीठांत मात्र, निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, हे ॲरिस्टॉटलच्या परंपरेतले मत शिकवले जात होते. तिटकारा असेल तर तो दहा मीटरांपाशीच का संपतो, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. त्या कारागिराचे नाव ग्रंथात नाही.

उत्तर दिले ते गॅलिलिओचा अनुयायी टॉरिचेली याने. पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून जड असा पारा त्याने घेतला. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, तेव्हा पारा खाली उतरून सुमारे 76 सेंटिमीटरांवर थांबला. 1644 साली लिहिलेल्या पत्रात त्याने याचा अर्थ सांगितला: आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या समुद्राचे वजन पाऱ्याला तोलून धरते. समुद्र असेल तर वर चढावे तसे वजन कमी झाले पाहिजे. पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए 19 सप्टेंबर 1648 रोजी पारा आणि नळ्या घेऊन फ्रान्समधील प्युई द डोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली आला होता. हा प्रयोग पुस्तकी नव्हे. पुण्यात आज कोणी पिशवीतील हवा काढू लागला, तर त्याच्या गेजचा काटा 71 सेंटिमीटरांच्या आसपास अडेल. महाबळेश्वरी 65 च्या सुमारास. पंप कितीही महाग आणला तरी तो त्यापुढे जावयाचा नाही, कारण हवेचे वजनच तेथे तेवढे. नवशिक्यांनी पंपाला दोष देण्याआधी पेरिएचा डोंगर आठवावा.

आता खुद्द पंपाकडे येऊ. जर्मनीतील माग्देबुर्ग हे शहर 1631 साली युद्धात लुटले गेले आणि जळून खाक झाले. हजारो माणसे मारली गेली. ओटो फोन गेरिके हा तेथला एक इंजिनियर नागरिक त्यातून वाचला, शहर पुन्हा उभारण्याच्या कामाला लागला आणि 1646 मध्ये महापौर झाला. कारभारातून सवड काढून 1650 च्या सुमारास त्याने पोकळी करण्याचा घाट घातला. त्याने प्रथम दारूचे लाकडी पिंप घेतले, ते पाण्याने भरले आणि पितळी पंपाने पाणी उपसू लागला. तीन धट्टेकट्टे लोक दट्ट्या ओढत होते. पाणी निघाले, पण लाकडाच्या फटींतून हवा शीळ घालीत आत शिरू लागली. मग त्याने तांब्याचा गोल करवून घेतला आणि त्यातली हवा थेट पंपाने काढू लागला. काम होत आले असे वाटते न वाटते तोच मोठा आवाज होऊन तो गोल चिरगुटासारखा चुरगळला. गोलाई नीट साधली नव्हती. जेथे चपटेपणा होता तेथे हवेने मार दिला. नव्याने काळजीपूर्वक घडवलेला गोल मात्र टिकला.

या दोन फजित्या आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. घरी कंपोझिटचे काम करणारा आजही याच दोन ठिकाणी अडतो. एक, पिशवीची गळती. दुसरे, पोकळ किंवा दुबळी वस्तू पिशवीत घातली की ती तांब्याच्या गोलासारखी चेपते.

गेरिकेने 1654 साली रेगेन्सबर्ग येथे सम्राटासमोर आपले प्रयोग केले. 1657 साली माग्देबुर्गला तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून, मध्ये मेण व टर्पेंटाईन यांत भिजवलेले चामड्याचे कडे घालून त्याने आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. अर्धगोलांचा व्यास सुमारे अर्धा मीटर होता; तेवढ्या तोंडावर हवेचा भार दोन टनांच्या घरात जातो. घोड्यांनी ते मोठ्या मुश्किलीने सुटत. या देखाव्याची चित्रे शाळेच्या पुस्तकांतून आपण पाहिली आहेत. चित्रात घोडे ठळक असतात. अर्धगोल घासून एकमेकांना बसवणारा तांबट आणि चामडे मेणात भिजवणारा कारागीर चित्रात नसतो. त्या दोघांचे काम कच्चे असते तर दोन घोडेही पुरले असते.

पुढची पायरी इंग्लंडात झाली. रॉबर्ट बॉइल हा एका अतिधनाढ्य उमरावाचा मुलगा. गेरिकेची हकीकत वाचून त्याला तसा पंप हवासा वाटला. तो 1659 च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे तयार झाला, आणि बनवला तो त्याच्या पगारी मदतनिसाने, रॉबर्ट हूकने. वर काचेचा मोठा गोल, खाली पितळी नळकांडे आणि दट्ट्या हलवण्यास दात्यांची पट्टी व हँडल. गळती थांबवण्यासाठी बॉइलच्या माणसांनी दट्ट्याभोवती जेवणात वापरायचे तेल ओतले, सांध्यांना लुकण लावले. बॉइलचा ग्रंथ 1660 साली निघाला आणि वायूचा दाब व आकारमान यांचा नियम 1662 साली. हूक पुढे स्वतःच्या नावाने मोठा झाला. बॉइलचा नंतरचा एक मदतनीस, फ्रेंच निर्वासित देनी पापँ, यानेही 1680 मध्ये छापल्या गेलेल्या प्रयोगांचे बरेचसे काम केले. परंतु हँडल फिरवणारे, काच धुणारे, तेल ओतणारे जे बाकीचे, त्यांची नावे त्या ग्रंथांतून शोधून सापडत नाहीत. त्या काळी असे पंप युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ज्याच्याकडे पंप त्याचेच हवेविषयीचे मत ऐकले जाई. हत्यार ज्याच्या ताब्यात, शब्द त्याचा, हे आम्ही गिरण्यांतून शिकलो. विज्ञानातही तसेच होते असे दिसते.

हवेच्या भाराला पहिली नोकरी लागली ती कोळशाच्या खाणींवर. 1712 साली टॉमस न्यूकमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने इंग्लंडात डडलीजवळ एक इंजिन उभे केले. दट्ट्याखाली वाफ भरायची, तीवर थंड पाण्याचा फवारा सोडून तिचे पाणी करायचे. आत पोकळी झाली की वरची हवा दट्ट्याला खाली ढकलते आणि दुसऱ्या टोकाचा पंप खाणीतले पाणी उपसतो. त्याला वाफेचे इंजिन म्हणतात खरे, पण ढकलणारी हवाच. जेम्स वॉटने 1769 च्या पेटंटात वाफ थंड करण्यास निराळे भांडे जोडले आणि त्यातील पोकळी राखण्यास एक हवेचा पंपही. याच घराण्यातल्या इंजिनांनी पुढे कापडगिरण्या चालवल्या. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कंपनी स्थापली, 1856 साली तिची गिरणी चालू झाली आणि आमच्या मजूरवर्गाचा जन्म झाला. घराघरांतला माग आणि चरखा मोडून काम एका छपराखाली गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आपल्याला पुढे उलटा प्रवास पाहावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंपाने रूप पालटले. 1855 साली बॉन येथील काचकारागीर हाइनरिश गाइस्लर याने दट्ट्याच्या जागी पारा वापरला. 1865 साली लंडनमध्ये हेरमान श्प्रेंगेल याने अरुंद नळीतून पाऱ्याचे थेंब सोडण्याची युक्ती काढली. दोन थेंबांमध्ये हवेचा कण अडकतो आणि थेंबाबरोबर खाली वाहून जातो. हे काम चिकाटीचे. पारा खाली उतरला की पुन्हा वर नेऊन ओतावा लागे. विजेचा दिवा याच पंपाच्या कुशीत जन्मला. दिव्याची तार हवेत जळून जाई. एडिसनच्या मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत 1879 साली या जातीच्या पंपांनी दिव्यातली हवा जवळजवळ निःशेष काढली, तेव्हा तार टिकली. हे पंप सांभाळण्याचे काम फ्रान्सिस जेल नावाचा तरुण मदतनीस करी. दिव्याने घरे उजळली. पाऱ्याची वाफ मात्र विषारी असते. ती हळूहळू हिरड्या, हात आणि मेंदू यांवर जाते, आणि बंद खोलीत उघड्या पाऱ्याशी रोज काम करणाऱ्याच्या छातीत ती जाते. हे सांगण्याचे कारण असे की, पंपाने जी नवी वस्तू दिली तिच्याबरोबर त्या कामाच्या जागी एक नवी वाफही आली. हा हिशेब पुढेही चालू राहतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतील वोल्फगांग गेडे याने फिरते पंप आणले. आजच्या साध्या निर्वात पंपाची घडण यातूनच आली आहे. गोल नळकांड्यात एका बाजूला सरकवून बसवलेला फिरता रूळ असतो; त्याच्या खाचांत सरकती पाती असतात. रूळ फिरला की पाती भिंतीला चिकटून हवेचा घास घेतात, तो दाबतात आणि झडपेतून बाहेर टाकतात. पात्यांना वंगण लागावे आणि फटी बुजाव्यात म्हणून तेल असते. बॉइलचे जेवणातले तेल येथे यंत्राच्या पोटात गेले. विजेच्या मोटरीने तीन धट्ट्याकट्ट्यांना रजा दिली. एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हातात जो छोटा पंप आपण पाहतो तो याच जातीचा. गाई-म्हशींची धार काढण्याच्या यंत्रालाही असाच पंप असतो.

पंप तयार झाला, आता पिशवी. तीही विमानाच्या कामातून आली. अमेरिकेत लॉगहेड बंधूंनी, ज्यांचे नाव पुढे लॉकहीड असे लिहिले गेले, 1919 सालच्या आपल्या छोट्या विमानाचे अंग लाकडाच्या पातळ पापुद्र्यांपासून केले. काँक्रीटच्या साच्यात सरस लावलेले पापुद्रे रचायचे, वर झाकण घट्ट बसवायचे आणि मधली रबरी पिशवी हवेने फुगवायची, म्हणजे सगळीकडे सारखा दाब पडतो. हीच रीत 1927 सालच्या व्हेगा विमानाला उपयोगी पडली. फुगवण्याऐवजी आतली हवा काढून घेतली तरी दाब मिळतो, हे त्याच विचाराचे दुसरे टोक. महायुद्धाच्या काळात दोन्ही रीती चालू होत्या. इंग्रजांचे मॉस्किटो विमान 25 नोव्हेंबर 1940 रोजी प्रथम उडाले. हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा आणि दोन्ही अंगांना बर्चचे प्लायवूड, असे ते उघड उघड कंपोझिटच होते. धातूचे कामगार तोट्यात असताना हाय विकम येथील खुर्च्या-टेबले करणाऱ्या सुतारांनी त्याचे भाग घडवले. पहिला सरस दुधातील केसिनचा होता. पुढे कृत्रिम रेझिनचा आला.

काचेचे तंतू 1930 च्या दशकात अमेरिकेत कारखान्यातून निघू लागले, पॉलिएस्टर आणि इपॉक्सी ही रेझिने त्याच सुमारास व 1940 च्या दशकात आली, आणि 1960 च्या दशकात इंग्लंडात फार्नबरो येथील सरकारी संशोधनसंस्थेत बळकट कार्बनतंतूची रीत सिद्ध झाली. 1990 साली विल्यम सीमन यांना एका रीतीचे पेटंट मिळाले. तीत कोरडे कापड पिशवीत घालून पोकळीच्या जोरावर रेझिन आत ओढून घेतले जाते. बोइंग 787 हे विमान 15 डिसेंबर 2009 रोजी प्रथम उडाले. त्याच्या रचनेचे वजनाने सुमारे निम्मे कंपोझिट आहे. ते भाग मोठ्या दाबाच्या भट्टीत पक्के होतात, पण भट्टीतही प्रत्येक भागावर निर्वात पिशवी असतेच. आपल्याकडे गोव्याच्या एका गोदीत बांधलेली, 2009 साली नौदलात आलेली 'म्हादेई' ही शिडाची नौका लाकडी गाभा आणि काचतंतूंचे कवच अशा घडणीची. याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

आता उलटा प्रवास. अमेरिकेतील मिशिगन राज्यात बे सिटी येथे मीड, जोएल आणि जॅन हे गुजॉन बंधू लाकूड व इपॉक्सीच्या होड्या बांधीत. 1979 साली त्यांनी आपली रीत पुस्तकरूपाने खुली केली, आणि त्यांच्या संस्थेने निर्वात पिशवीच्या कामावरही छोटे पुस्तक काढले. होडी बांधणारे, ग्लायडर उडवणारे, हौशी विमान बांधणारे असे हजारो लोक मोडीत निघालेल्या रेफ्रिजरेटरचा कॉम्प्रेसर, धार काढण्याच्या यंत्राचा पंप, जे मिळेल ते जोडून घरी काम करू लागले. दीडशे वर्षांपूर्वी काम घरातून गिरणीत गेले होते. येथे विमानाच्या कारखान्यातले काम घरात आले.

घरी ही मांडणी कशी करतात ते थोडक्यात सांगतो. टेबलावर जाड काच किंवा साचा. त्याला मेणाचे हात, म्हणजे वस्तू चिकटत नाही. त्यावर रेझिनने भिजलेले थर. त्यावर नायलॉनचे कापड, जे नंतर सोलून निघते. त्यावर बारीक छिद्रांचे प्लास्टिक. त्यावर नमद्यासारखे जाड अस्तर, ज्यातून हवेला वाट मिळते आणि जादा रेझिन शोषले जाते. सर्वांवर पिशवीचे प्लास्टिक, आणि त्याच्या कडेने खिडकीच्या लांबीसारखी मऊ चिकट पट्टी. पिशवीतून निघालेली नळी थेट पंपाला जोडू नये. वाटेत एक धातूचे मजबूत भांडे हवे, म्हणजे ओढले गेलेले रेझिन तेथे पडते, पंपात जाऊन त्याला कायमचा बसवत नाही. या कामी घरातली काचेची बरणी घेऊ नये. ती आत फुटते आणि तुकडे खोलीभर उडतात. मग गेज, आणि पंपाच्या तोंडाशी झडप. पंप बंद करताना आधी झडप मिटावी, नाही तर पंपाचे तेल नळीतून मागे येते.

रेझिन कालवण्यापूर्वी कोरडी परीक्षा करावी. पिशवी बंद करून हवा काढावी, झडप मिटून पंप थांबवावा आणि काटा पाहावा. काटा पडू लागला तर कान लावून गळती शोधावी. गेरिकेच्या पिंपात घातली तीच शीळ ऐकू येते. रेझिन कालवल्यावर ही संधी मिळत नाही, कारण हार्डनर कोणासाठी थांबत नाही. इपॉक्सी घट्ट होण्यास कित्येक तास लागतात. इतका वेळ छोटा पंप सतत चालला तर तापतो. म्हणून जाणते लोक हवा काढलेली एक धातूची टाकी आणि आपोआप चालू-बंद होणारे बटण जोडतात. दाबही विचाराने द्यावा. पॉलिएस्टर रेझिनात स्टायरिन नावाचे उडते द्रव्य असते. पोकळी फार खोल झाली तर ते उकळू लागते आणि जे बुडबुडे घालवायचे तेच नव्याने पैदा होतात.

येथवर पंपाची कथा कौतुकाची झाली. आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो तो भाग. कारखान्याचे काम घरी आले, तेव्हा कारखान्याची सगळी व्यवस्था बरोबर आली काय? पंप आला, रेझिनचा डबा आला, कापडाचे ठाण आले. छपराखालचा मोठा पंखा आला नाही, आणि तपासणी करणारा इन्स्पेक्टरही आला नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने विजेवर काम चालणाऱ्या जागी दहा आणि विजेवाचून चालणाऱ्या जागी वीस कामगार असले म्हणजे कारखाना मानला. 2020 च्या संहितेने हे आकडे वीस आणि चाळीस केले. पडवीत काम करणारे नवरा-बायको आणि एक भाचा मिळून तीनच भरतात. भिवंडी-इचलकरंजीच्या मागांत आम्ही हे पाहिले आहे. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतले काम छोट्या छोट्या शेडमधून विखुरले. कापड तेच निघाले, पण तास, हजेरी आणि आजाराची रजा ही वाटेत कोठेतरी गळून पडली.

विणकामात कापसाचा तंतू छातीत जाई. या कामात काय जाते ते नीट ऐकावे. स्टायरिनची वाफ डोके दुखवते, गुंगी आणते. 2018 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात बहुधा कर्करोग करणारे म्हणून वर्गात घातले. इपॉक्सीला तसा उग्र वास नाही, म्हणून लोक त्याला गरीब समजतात. पण त्याचे हार्डनर कातडीला लागत राहिले तर एखाद्याचे अंग असे बिथरते की पुढे जन्मभर त्या द्रव्याच्या नुसत्या जवळ गेले तरी पुरळ उठते. त्या माणसाचा धंदा तेथेच संपतो. पॉलिएस्टरचा पेरॉक्साइड हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. आणि तो कोबाल्टच्या द्रवात थेट मिसळला तर स्फोट होतो, म्हणून एक द्रव्य रेझिनात पूर्ण कालवल्यावरच दुसरे घालावे. वाटीत उरलेले रेझिन आपोआप तापून धुरावते. काचेच्या वस्तूला कानस मारली की धूळ उडते. पंपाच्या तोंडातून तेलाची बारीक फवार निघते. जुन्या रेफ्रिजरेटरचा कॉम्प्रेसर कापून काढावा तर नव्या पिढीच्या यंत्रांत आयसोब्यूटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. ठिणगी पडली की झाले. हे सर्व जेथे घडते, त्या खोलीत पलीकडे बहुधा पाळणा असतो आणि अलीकडे स्टोव्ह.

यावर घरी काम करू नये, असा उपदेश आम्ही करणार नाही. हत्यार कष्टकऱ्याच्या मालकीचे व्हावे, हेच तर आमच्या चळवळीचे मागणे होते. ज्याच्या घरी पंप, तो कोणाच्या फाटकाशी उभा राहात नाही. आमचे म्हणणे इतकेच की, पंपाच्या किमतीत पंख्याची किंमत धरली पाहिजे. हौशी माणसाने ती स्वतः धरावी: पंपाच्या तोंडाला नळी जोडून ती खिडकीबाहेर न्यावी, हातमोजे आणि योग्य डबीचा मुखवटा घ्यावा, मुलांची खोली सोडून जागा निवडावी. पोटासाठी काम करणाऱ्याच्या बाबतीत ही किंमत काम देणाऱ्याने नगाच्या दरात भरली पाहिजे, आणि रेझिन विकणाऱ्याने त्यातले धोके डब्यावर मराठीत छापले पाहिजेत. एकेकट्याने मागून हे मिळणार नाही. एका आळीतल्या दहा घरांनी मिळून एक शेड घ्यावी, एक मोठा पंप, एक मोठा पंखा ठेवावा आणि दर एकत्र ठरवावा. सहकाराचा धडा महाराष्ट्राला नवा नाही.

दुरुस्तीला आलेल्या त्या अनाम कारागिराने पंडितांच्या आधी सांगितले होते की, दोष पंपात नाही. आजही तेच सांगावेसे वाटते. पिशवीतली हवा काढून टाकण्याचे आपले काम पंप चोख करतो. खोलीतली हवा शुद्ध ठेवण्याचे काम त्याच्याकडे कधीच दिलेले नव्हते. ते आपणच करावयाचे आहे, आणि मिळून करावयाचे आहे.